पेशीची तटबंदी

इ. स. २०२१ च्या मे महिन्यात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, घरोघरी एका इंजेक्शनाचे नाव ऐकू येऊ लागले. करोनातून उठलेल्या, विशेषतः मधुमेही, रोग्यांच्या नाकात व डोळ्यांमागे म्यूकरमायकोसिस नावाची बुरशी शिरत होती. तिच्यावर अ‍ॅम्फोटेरिसिन हवे होते, आणि ते मिळत नव्हते. या औषधाच्या वाटपाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठापर्यंत गेला. त्यातही डॉक्टरांची पहिली मागणी ‘लायपोसोमल’ प्रकाराची असे. या शब्दाचा अर्थ विचारण्यास त्या धावपळीत सवड कोणास होती? वस्तुतः त्याची कथा कोंबडीच्या अंड्यापासून सुरू होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गोब्ले नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने अंड्याच्या बलकातून फॉस्फरसयुक्त असा एक स्निग्ध पदार्थ वेगळा केला. बलकास ग्रीक भाषेत ‘लेकिथॉस’ म्हणतात. त्यावरून त्याने त्यास ‘लेसिथिन’ म्हटले. फॉस्फोलिपिड या वर्गातील हा पदार्थ. त्याच्या रेणूचा स्वभाव दुहेरी आहे: डोक्यास पाणी प्रिय, तर दोन लांब शेपट्यांस पाण्याचे वावडे. असे रेणू पाण्यात सोडले म्हणजे ते शेपट्या आत व डोकी बाहेर करून दोन थरांत आपोआप उभे राहतात. गवंडी लागत नाही, चुना लागत नाही.

प्रत्येक पेशीभोवती हीच दुपदरी भिंत आहे, हे १९२५ साली हॉलंडातील लायडन येथे गॉर्टर व ग्रेंडेल यांनी दाखविले. तांबड्या रक्तपेशींतील स्निग्धांश काढून त्यांनी तो पाण्यावर पसरला, तेव्हा त्याने पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. गंमत अशी की, त्यांच्या हातून दोन चुका झाल्या होत्या. स्निग्धांश पुरता निघाला नव्हता आणि पेशींचा पृष्ठभागही कमी मोजला गेला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींस सावरले, व उत्तर बरोबर आले!

या भिंतीची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाइतकी. औरंगाबादकरांस तटबंदी व दरवाजे समजावून सांगावयास नकोत. भडकल दरवाजा, पैठण दरवाजा, मकाई दरवाजा अद्याप उभे आहेत. पेशीच्या तटासही प्रथिनांचे दरवाजे असतात, आणि क्षार, शर्करा इत्यादींची ये-जा त्यांतूनच होते. परंतु उपमा येथे संपते. शहराचा तट जागचा हलत नाही. पेशीच्या तटाच्या विटा तेलासारख्या सरकत असतात व दरवाजेही त्यांत तरंगतात. १९७२ साली सिंगर व निकोल्सन यांनी हे चित्र मांडले.

अ‍ॅम्फोटेरिसिन घाव घालते ते याच तटावर. बुरशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. त्यास गाठून हे औषध तटास खिंडार पाडते. मनुष्याच्या पेशींत त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असते. दोघे जवळचे भाऊबंद असल्यामुळे औषधाची गफलत होते, आणि ती मूत्रपिंडास भोवते. बुरशीतून वाचलेला रोगी मूत्रपिंड गमावून बसावा, ही वैद्यकाची जुनी व्यथा होती.

उपाय पुन्हा फॉस्फोलिपिडांतच सापडला. १९६० नंतर इंग्लंडात अ‍ॅलेक बँगहॅम यांना असे आढळले की, पाण्यात लेसिथिन मिसळले असता त्याच्या सूक्ष्म बंद गोळ्या बनतात. ह्याच लायपोसोम. अ‍ॅम्फोटेरिसिन या गोळ्यांच्या भिंतीत बसविले म्हणजे ते बरेचसे तेथेच अडकून राहते व मूत्रपिंडास त्याची झळ कमी पोचते. मुंबईत के. ई. एम. रुग्णालय व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय येथे डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी, दिल्ली विद्यापीठातील बिमल कुमार बच्छावत यांच्या सहकार्याने, असे देशी औषध सिद्ध केले. परदेशी कुपीची किंमत सामान्य रोग्यास झेपणारी नव्हती. सबब या कामाचे मोल केवळ प्रयोगशाळेपुरते नव्हते.

लायपोसोमसाठी लागणारे फॉस्फोलिपिड आता अंड्याप्रमाणेच सोयाबीनपासूनही काढतात. ज्या कुपीसाठी त्या उन्हाळ्यात रोग्यांचे आप्त दारोदार फिरले, तिच्यातील गोळ्यांचा कच्चा माल मराठवाड्याच्या शेतांतून दरवर्षी पिकत असतो.