बायोफीडबॅक (आयबीएसमधील)

एरवी न जाणवणाऱ्या शारीरिक क्रिया संवेदकांनी टिपून त्या रुग्णाला पडद्यावर किंवा आवाजाच्या रूपात लगेच दाखवायच्या आणि त्याआधारे त्याने त्या ताब्यात आणायला शिकायचे, अशी प्रशिक्षणपद्धती.

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम अर्थात आयबीएसमध्ये पोटदुखीसोबत बद्धकोष्ठ, जुलाब किंवा दोन्ही आलटूनपालटून होतात. तपासण्यांत मात्र आतड्याची रचना बिघडलेली दिसत नाही. त्यामुळे ‘सगळे मनाचे खेळ’ असे रुग्णाला ऐकावे लागते. हे चूक आहे आणि अन्यायाचेही. मेंदू व आतडे यांच्यात व्हेगस चेतेमार्फत दोन्ही दिशांनी संदेश जातात; चिंतेने पोट बिघडते, तसे बिघडलेल्या पोटाने चिंताही वाढते. बायोफीडबॅक हे चक्र मनाच्या बाजूने सैल करू पाहते.

त्यासाठी बोटांचे तापमान, घामाने बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता, स्नायूंचा ताण किंवा हृदयाच्या ठोक्यांमधील अंतराचे चढउतार मोजतात. शेवटच्या प्रकारात मिनिटाला सुमारे ६ श्वास इतका संथ श्वास घेण्याचा सराव असतो. गुदद्वाराच्या स्नायूंना वळण लावणारे बायोफीडबॅक याहून वेगळे. ते विशिष्ट प्रकारच्या बद्धकोष्ठासाठी वापरतात.

पुरावा अजून तोकडा आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात ८ चाचण्या व ३०० प्रौढ रुग्ण होते, आणि निष्कर्षांची खात्री कमी ठरली. बोधात्मक वर्तनोपचारामागे याहून भक्कम आधार आहे. शौचातून रक्त जाणे किंवा कारणाविना वजन घटणे अशी लक्षणे असल्यास आधी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.