क्रियापदाचा सोबती

कुंडलच्या शिवेजवळ १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला आणि तिथं लोखंडी नांगर तयार होऊ लागले. तेव्हा हा मुलूख औंध संस्थानात होता. नांगर जोडणाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही: ज्या मापाचा बोल्ट, त्याच मापाचा नट. दुसरा ठोकून बसत नाही.

इंग्रजी क्रियापदाचंही तसंच आहे. 'लिसन'ला 'टू' लागतो, 'वेट'ला 'फॉर'. पोर अडतं ते इथंच. आपण रेडिओ ऐकतो. मध्ये काही येत नाही, म्हणून ते 'टू' गाळतं. आपण शेजाऱ्याच्या मुलीशी लग्न करतो, म्हणून ते 'मॅरी'ला 'विथ' जोडतं. तिथं तो नको असतो. वहीवर लाल रेघा उमटतात आणि 'खेड्यातल्या पोराला इंग्रजी यायचं नाही' असा शिक्का बसतो.

हा शिक्का खोटा आहे, आणि साक्ष इतिहासाची आहे. हजार वर्षांपूर्वी इंग्रजीतही नामाला आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय लागत. ते हळूहळू झिजत होते. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतरच्या दोन-तीन शतकांत ते बहुतेक गळून पडले. त्यांचं बरंचसं काम या चिमुकल्या शब्दांच्या अंगावर आलं. ते नामाच्या आधी उभे राहिले. आपले प्रत्यय नामाच्या मागे राहिले. फरक एवढाच.

आता स्वतःची भाषा तपासून पाहा. आपण धाकट्यावर रागावतो, वाघाला भितो, शेजाऱ्याशी भांडतो. इथं 'वर', तिथं 'ला', पलीकडं 'शी'. याचा नियम तुम्हाला कोणी शिकवला होता का? अंगणात कानावर पडलं आणि जिभेवर बसलं.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. फळ्यावर नुसतं 'लिसन' लिहू नका. 'लिसन टू द रेडिओ' असं अख्खं वाक्य लिहा, मोठ्यानं म्हणवून घ्या, उद्या पुन्हा म्हणवा. शब्दाला शब्द लावून अर्थ सांगण्यापेक्षा क्रियापद सोबत्यासह कानी पडू द्या. चूक झाली तर पोराला हसू नका. ते चूक करतं, कारण त्याला मराठी पक्की येते; तिथूनच त्याला पुढं न्यायचं आहे.