छोट्या भागाचं ‘मध्यक उत्पन्न’ कसं काढतात?

‘या भागातल्या कुटुंबांचं उत्पन्न इतकं’ असे रंगीत नकाशे सोशल मीडियावर सतत फिरत असतात. पण प्रत्येक घराच्या उत्पन्नाची नोंद कुणाकडेच नसते. मग छोट्या भागाचा आकडा येतो कुठून?

मध्यक म्हणजे काय?

सगळी कुटुंबं उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने उभी केली, तर बरोबर मधल्या कुटुंबाचं उत्पन्न म्हणजे मध्यक. समजा, पाच कुटुंबांचं मासिक उत्पन्न १५, १८, २०, २५ हजार आणि ५ लाख रुपये आहे. सरासरी येते १,१५,६०० रुपये. त्या पाचांत एवढं उत्पन्न असलेलं एकही घर नाही. मध्यक येतो २० हजार. एका श्रीमंत घरामुळे तो फुगत नाही, म्हणून कुटुंबांची परिस्थिती सांगायला तो जास्त उपयोगी.

त्याची एक अडचणही आहे. दोन वस्त्यांचे मध्यक मिळवून दोनने भागले, तर दोन्हींचा मिळून मध्यक मिळेलच असं नाही. त्यासाठी सगळी उत्पन्नं पुन्हा एका रांगेत लावावी लागतात.

छोट्या भागाची अडचण

अमेरिकेत सेन्सस ब्युरो ही सरकारी संस्था दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ पाठवते. देशासाठी ही संख्या मोठी आहे, पण एका खेड्याच्या वाट्याला मोजकीच घरं येतात. त्यात योगायोगाने दोन डॉक्टरांची घरं आली, तर गाव कागदावर श्रीमंत होतं. म्हणून एका वर्षाचे आकडे ६५ हजार किंवा जास्त लोकसंख्येच्या भागांसाठीच दिले जातात. त्याहून लहान भागांसाठी पाच वर्षांची माहिती एकत्र करतात. आकडा स्थिर होतो, पण ताजा राहत नाही. मधल्या काळात गावातला कारखाना बंद पडला, तरी त्याचा परिणाम आकड्यात हळूहळू उतरतो.

उसनी माहिती

दुसरा मार्ग १९७९ मध्ये रॉबर्ट फे आणि रॉजर हेरियट यांनी मांडला. तेव्हा केंद्राचा निधी स्थानिक संस्थांना वाटताना दरडोई उत्पन्न पाहिलं जाई आणि हजाराहून कमी वस्तीच्या गावांचे आकडे फारच डळमळीत होते. त्यांनी सर्वेक्षणाच्या आकड्याला करनोंदींसारख्या इतर माहितीवरून काढलेल्या अंदाजाची जोड दिली.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. सर्वेक्षण म्हणतं ६० हजार डॉलर, इतर नोंदींवरून अंदाज येतो ५२ हजार. घरं कमी असल्याने सर्वेक्षणाला २५ टक्के आणि दुसऱ्या अंदाजाला ७५ टक्के वजन दिलं, तर उत्तर ५४ हजार. जास्त घरं तपासली असती, तर सर्वेक्षणाचं वजन वाढलं असतं.

याच तत्त्वावर सेन्सस ब्युरो आज प्रत्येक काउंटीचं, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं, मध्यक उत्पन्न दरवर्षी काढतो. त्यासाठी सर्वेक्षणासोबत कर विवरणपत्रं आणि सरकारी अन्नसाहाय्याच्या नोंदीही वापरतात. याच कार्यक्रमातल्या गरीब मुलांच्या आकड्यांवरून शाळांना केंद्राचा निधी वाटला जातो. अंदाज चुकला, तर गरजू मुलांच्या शाळेचे पैसे कमी होऊ शकतात.

आपल्याकडे काय?

२०११ च्या जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्न नव्हता. त्याच सुमारास झालेल्या सामाजिक, आर्थिक आणि जात गणनेत ग्रामीण कुटुंबातल्या सर्वाधिक कमावत्या व्यक्तीचं मासिक उत्पन्न विचारलं, तेही तीन गटांत: ५ हजारांहून कमी, ५ ते १० हजार आणि १० हजार किंवा जास्त. त्यातून कुटुंबाचं एकूण उत्पन्न कळत नाही.

महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत जिल्ह्यांचं दरडोई उत्पन्न असतं. पण तो त्या जिल्ह्यातल्या उत्पादनाला लोकसंख्येने भागून आलेला आकडा आहे. मोठ्या कारखान्याचा नफा त्यात धरला जातो, मग मालक दुसऱ्या शहरात राहत असला तरी. त्यामुळे ‘सर्वात श्रीमंत जिल्हा’ या यादीवरून तिथल्या मधल्या घराची कमाई कळत नाही.

आकडा दिसला की काय पाहावं?

• तो मध्यक आहे की सरासरी? कुटुंबाचा आहे की दरडोई?
• एका वर्षाचा आहे की पाच वर्षांचा?
• त्रुटीची मर्यादा दिली आहे का? एका गावाचा आकडा ५२ हजार, अधिक-उणे ९ हजार आणि दुसऱ्याचा ४७ हजार, अधिक-उणे ८ हजार असेल, तर पहिलं गाव जास्त श्रीमंत आहे असं खात्रीने म्हणता येत नाही.

नकाशावर मात्र या दोन गावांना वेगवेगळे रंग मिळू शकतात. म्हणून शेअर करण्याआधी रंगापेक्षा खालची बारीक अक्षरातली टीप वाचलेली बरी.