हिशेब-फाईल : दुरुस्ती आणि निगा

घरचा किंवा लहान धंद्याचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील नोंदी संगणकात वा मोबाईलमध्ये जिथे साठतात, ती हिशेब-फाईल. तिच्यात खाती, व्यवहार, तारखा आणि या सर्वांना एकमेकांशी जोडणारे दुवे असतात. आकडे शाबूत राहूनही दुवा तुटला, तर व्यवहार खात्याबाहेर पडतो आणि शिल्लक चुकते. अशी फाईल सावरणे आणि ती बिघडू नये म्हणून काळजी घेणे, ही दोन्ही कामे या नोंदीत घेतली आहेत.

उदाहरणादाखल वर्धा तालुक्यातील, वर्धा–आर्वी रस्त्यावरचे आंजी (मोठी) हे गाव घ्यावे. कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवणाऱ्या अशा गावातील घराचा हिशेब पगारदाराच्या हिशेबासारखा महिन्याच्या चाकोरीत बसत नाही. जूनपासून बियाणे, खत, फवारणी, निंदणाची मजुरी असा खर्च सलग होत राहतो. पैसा मात्र टप्प्याटप्प्याने येतो : दिवाळीच्या आसपास सोयाबीनचा, पुढे कापसाच्या वेच्यांचा, शेवटी तुरीचा. भावाची वाट पाहत घरात ठेवलेला कापूस एप्रिल-मेमध्ये विकला, की एकाच हंगामाचा खर्च एका आर्थिक वर्षात आणि उत्पन्न दुसऱ्या वर्षात जाते. त्यामुळे ३१ मार्च उलटला म्हणून नवी फाईल काढून जुनी पुसून टाकणे ही सवय शेतकरी घराला विशेष महाग पडते. तारखांनाही येथे मोल आहे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याजाचा भार उचलावा लागत नाही. मुदत पाळली की नाही, हे बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहायचे तर परतफेडीची तारीख आपल्याकडेही नीट नोंदलेली हवी.

फाईल बिघडण्याचे सर्वांत ओळखीचे कारण म्हणजे ती लिहिली जात असताना वीज जाणे. खर्च नोंदवणारी अनेक मोबाईल-ॲप्स आणि संगणकावरील काही कार्यक्रम एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरतात (२०००, रचनाकार रिचर्ड हिप). लिहिण्यापूर्वी तो जुना मजकूर शेजारी एका ‘जर्नल’ फाईलमध्ये ठेवतो. मध्येच वीज गेली, तर पुढच्या वेळी उघडताना त्या जर्नलच्या आधारे अर्धवट व्यवहार मागे घेतला जातो आणि फाईल पूर्वस्थितीत येते. नेमकी हीच लहानशी फाईल लोक कचरा समजून पुसतात, किंवा मुख्य फाईल पेनड्राइव्हवर नेताना तिला मागे सोडतात. वीज गेल्याने जे बिघडले नसते, ते या साफसफाईने बिघडते. एकच फाईल क्लाउडच्या फोल्डरात ठेवून घरातल्या दोघांनी दोन यंत्रांवर एकाच वेळी उघडणे, हा दुसरा धोका.

दुरुस्ती कधीही मूळ फाईलवर करू नये. आधी तिची नक्कल काढावी, मूळ बाजूला ठेवावी आणि नक्कलेवर काम करावे; कारण दुरुस्तीचा आदेश जे ओळखू शकत नाही ते टाकूनही देतो. टॅलीचा (१९८६, श्यामसुंदर व भरत गोएंका) डेटा एका फाईलमध्ये नसतो. प्रत्येक कंपनीचे आकड्यांच्या नावाचे वेगळे फोल्डर असते आणि ते संपूर्ण उचलावे लागते. टॅली ईआरपी ९ मध्ये कंट्रोल-आल्ट-आर ही कळ दाबून ‘रीराइट’ केले जाई. टॅलीप्राइममध्ये त्यासाठी ‘रिपेअर’ हा पर्याय आहे. क्विकन या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये याच कामाला ‘व्हॅलिडेट अँड रिपेअर’ असे नाव आहे.

घरगुती वापरासाठी ग्नूकॅश हे मुक्त सॉफ्टवेअर अधिक सोयीचे वाटते. ते फुकट आहे आणि त्याचा मराठी अनुवाद झालेला आहे. शिवाय बिघाडातून परतण्याच्या वाटा त्यात उघड ठेवल्या आहेत. एक्सएमएल स्वरूपात जतन करताना ते आधीची प्रत तारीख-वेळेच्या चौदा आकड्यांसह त्याच फोल्डरात ठेवते. त्या बैठकीत केलेले बदल वेगळ्या लॉग फाईलमध्ये उतरतात आणि जुनी प्रत उघडून त्यावर तो लॉग पुन्हा चालवता येतो. संगणक अचानक बंद पडल्यास ‘एलसीके’ शेपटाची कुलूप-फाईल मागे राहते आणि फाईल दुसरीकडे उघडी असल्याचा इशारा मिळतो. ती खरोखर कोठे उघडी नाही याची खात्री करूनच पुढे जावे.

ग्नूकॅशमधील ‘चेक अँड रिपेअर’ हा आदेश नीट समजून घेण्यासारखा आहे. समजा, खताच्या २,७०० रुपयांच्या व्यवहारातील नावेची बाजू हरवली. हा आदेश उरलेली रक्कम ‘इम्बॅलन्स’ नावाच्या खात्यात टाकून जमा-नावे समान करतो. ज्या नोंदीचे खातेच सापडत नाही, तिला ‘ऑर्फन’ खात्यात बसवतो. तेरीज जुळते आणि सगळे ठीक झाल्यासारखे दिसते; पण ते २,७०० रुपये खताचे होते की मजुरीचे, हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसते. फाईलची रचना यंत्र सावरते. नोंदीचा खरेपणा कागदावरूनच परत आणावा लागतो : कृषी केंद्राचे बिल, जिनिंगची काटापावती, बाजार समितीची हिशेबपट्टी, सोसायटीची पावती, बँकेचे पासबुक. ‘इम्बॅलन्स’ आणि ‘ऑर्फन’ ही दोन्ही खाती शून्यावर येईपर्यंत दुरुस्ती अपुरी समजावी.

वर्ध्याच्या मगनवाडीतून १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा हे लंडनमध्ये शिकलेले हिशेबतपासनीस होते आणि त्याच वर्षीच्या बिहार भूकंपाच्या मदतनिधीचा हिशेब त्यांनी सांभाळला होता. खर्चामागे पावती हवीच, ही त्यांची शिस्त घरच्या फाईललाही लागू पडते.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांत लिहिलेला तपशील प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्या संकेतांतच साठलेला असतो. फाँट गेला, की मजकूर निरर्थक दिसू लागतो. अशी फाईल बिघडलेली नसते. परिवर्तकाने तो मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. युनिकोडमधील सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये थेट उघडली तरी देवनागरीच्या जागी विचित्र चिन्हे दिसू शकतात. त्या अवस्थेत ती जतन केली तर मात्र खरेच नुकसान होते. न जतन करता बंद करावी आणि ‘यूटीएफ-८’ निवडून पुन्हा आयात करावी. रकमा देवनागरी आकड्यांत लिहिल्यास अनेक कार्यक्रम त्यांना संख्या न मानता मजकूर मानतात आणि बेरजेतून वगळतात. ०४/०५ ही तारीख ४ मे की ५ एप्रिल, हा घोळ आयात करताना हमखास तपासावा; १२ तारखेपर्यंतच्या नोंदींत तो चूक म्हणून दिसतही नाही.

निगेचा मुख्य भाग म्हणजे बॅकअप, आणि बॅकअप खरा की खोटा हे तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. एक प्रत घराबाहेर असावी, कारण विजेचा लोळ संगणक आणि त्याला जोडलेली हार्डडिस्क दोन्ही एकदमच नेतो. आठवड्याला एक प्रत पुरते. सोयाबीन-कापसाच्या विक्रीच्या दिवसांत ती रोज काढावी आणि जुन्या प्रतीवर नवी चढवू नये.

फाईल धडधाकट राहून सॉफ्टवेअरच संपते, असेही घडते. मायक्रोसॉफ्ट मनी १९९१ मध्ये आले आणि २००९ मध्ये त्याची विक्री थांबली. २०१० मध्ये कंपनीने जुन्या वापरकर्त्यांसाठी ‘सनसेट’ ही मोफत आवृत्ती दिली. त्यातील हिशेब क्यूआयएफ स्वरूपात एकेक खाते करून बाहेर काढता येतो. अशा वेळी बँकेतून रोखीत वळवलेली रक्कम दोन्ही खात्यांच्या फायलींत येते आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये दोनदा चढू शकते. म्हणून प्रत्येक खाते आयात झाल्यावर त्याची शिल्लक पासबुकाशी ताडावी, मगच पुढचे घ्यावे.