तान्ह्या बाळासह विमानप्रवास : केबिनमध्ये काय नेता येते, काय नाही

नवी दिल्ली : दोन वर्षांखालील मुलाला घेऊन प्रथमच विमानाने निघालेल्या पालकांना सर्वाधिक धास्ती असते ती सुरक्षा तपासणीची. तेथे दुधाची बाटली काढून घेतली तर पुढचे चार-पाच तास बाळाला काय द्यायचे, ही चिंता रास्त आहे. प्रत्यक्षात मात्र बाळाचे दूध, पाणी आणि आहार यांना द्रवपदार्थांवरील निर्बंधातून सवलत आहे. ही सवलत प्रवासापुरत्या प्रमाणाशी बांधलेली आहे, एवढेच पालकांनी ध्यानात ठेवायचे.

ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अमेरिकेकडे निघणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी हातातील सामानात प्रत्येक द्रवपदार्थ १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत नसावा आणि अशा सर्व बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावाव्यात, असा नियम जगभर रुजला. भारतातही तो आंतरराष्ट्रीय प्रवाशांना लागू आहे. औषधे आणि बाळाचा आहार त्यातून आरंभापासूनच वगळलेला आहे. पातळ वरण, नाचणीची पेज, दही, फळांचा गर हे सारे तपासणीच्या भाषेत द्रवच ठरते. त्यामुळे घरून केलेला खाऊ नेताना तो बाळाचाच आहे हे सहज दिसेल असा स्वतंत्र डब्यात ठेवावा आणि यंत्रात सामान घालण्यापूर्वीच जवानांना सांगावे. देशांतर्गत प्रवासात याबाबत सहसा अडचण येत नाही.

प्रमाण किती, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘प्रवासाला पुरेल इतके’ असेच आहे. विमानाला विलंब होतो हे गृहीत धरून प्रवासाच्या वेळेहून दोन वेळचे दूध अधिक घेणे शहाणपणाचे. आठवड्याचा साठा मात्र चेक-इन सामानात घालावा. दूध-भुकटी सोबत असल्यास उकळून गार केलेले पाणी वेगळे न्यावे, कारण विमानात हवे तेव्हा हव्या त्या तापमानाचे पाणी मिळेलच असे नाही.

परदेशी जाताना अडचण बहुधा मुंबई किंवा दिल्लीत येत नाही, ती विमान बदलण्याच्या ठिकाणी येते. तेथे अनेकदा पुन्हा तपासणी होते आणि त्या देशाचा नियम लागू होतो. ब्रिटनमध्ये बाळाच्या दुधासाठी एका बाटलीला दोन लिटरची मर्यादा आहे. आईचे दूध बाळ सोबत नसतानाही नेता येते, पण गोठवलेले आईचे दूध हातातील सामानात चालत नाही. अमेरिकेत आईचे दूध, फॉर्म्युला आणि ते गार ठेवणाऱ्या जेल पिशव्या वाजवी प्रमाणात चालतात आणि त्यासाठीही बाळ सोबत असण्याची अट नाही. युरोपीय संघाच्या विमानतळांवर हा पदार्थ खरोखर बाळाचाच असल्याची खात्री पटवून देण्यास सांगितले जाऊ शकते.

सुरक्षा तपासणी पार केलेला पदार्थ उतरल्यावर सीमाशुल्क कक्षातही पार होईल, हा समज मात्र चुकीचा आहे. ब्रिटनमध्ये भारतातून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई असून बाळाच्या दूध-भुकटीला दोन किलोपर्यंत, मूळ वेष्टनात आणि शीतपेटीची गरज नसलेली असेल तरच सूट मिळते. अमेरिकेत खाद्यपदार्थ जाहीर करावेच लागतात. नातवंडांसाठी डबे भरून निघणाऱ्या आजी-आजोबांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

भारतात प्रवाशाला केबिनमध्ये एकच हातबॅग नेता येते. मांडीवर बाळ असल्यास प्रवासात लागणारा त्याचा आहार आणि बाळाला ठेवण्याची टोपली याव्यतिरिक्त चालते. डायपर, ओले रुमाल, बदलायचे दोन कपडे आणि आईबाबांपैकी ज्याच्या मांडीवर बाळ असेल त्याच्यासाठीही एक सदरा या पिशवीत असावा. ही शेवटची सूचना कोणत्याही नियमावलीत आढळत नाही, तरी उपयोगी पडते. तापाचे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातच ठेवावे. पाऱ्याचा तापमापक केबिनमध्ये चालत नाही. तो संरक्षक डबीत घालून चेक-इन सामानात द्यावा किंवा डिजिटल घ्यावा. याउलट पॉवर बँक केवळ केबिनमध्येच चालते. खरी वाटणारी खेळण्यातली बंदूक घरीच ठेवावी.

बाबागाडी बहुतेक कंपन्या विनाशुल्क नेतात आणि अनेक ठिकाणी ती विमानाच्या दारापर्यंत वापरता येते. तपासणीच्या वेळी बाळाला गाडीतून उचलून घ्यावे लागते, त्यामुळे झोपलेल्या मुलाची झोपमोड जवळजवळ अटळ आहे. बाळाचा पाळणा केवळ मोठ्या विमानांत, ठरावीक आसनांसमोर आणि वजनाच्या मर्यादेत मिळतो. देशांतर्गत मार्गांवरील छोट्या विमानांत त्याची अपेक्षा ठेवू नये.

वयाचा पुरावा विसरणाऱ्यांची संख्या कमी नसावी. जन्मदाखला, लसीकरण पुस्तिका किंवा पारपत्र यांपैकी एक देशांतर्गत प्रवासाला सहसा पुरते. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तान्ह्या बाळालाही स्वतःचे पारपत्र लागते. प्रवासादरम्यान मूल दोन वर्षांचे होणार असेल, तर परतीसाठी स्वतंत्र आसन घ्यावे लागते.

दोन वर्षांखालील मुलाला मांडीवर नेण्याची मुभा आहे म्हणून तीच सुरक्षित पद्धत ठरत नाही. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे युनायटेड एअरलाइन्सचे विमान कोसळले, तेव्हा त्यात मांडीवर प्रवास करणारी चार मुले होती. आपत्कालीन उतरण्यापूर्वी त्यांना पायाशी जमिनीवर ठेवण्यास सांगण्यात आले होते. त्यांपैकी एक दगावले. त्यानंतर तेथील अपघात तपास मंडळाने लहानग्यांसाठीही बांधून ठेवणाऱ्या आसनाचा आग्रह धरला. पण तिकिटाच्या खर्चामुळे कुटुंबे अधिक धोक्याच्या रस्तेमार्गाकडे वळतील, असे कारण देत विमान वाहतूक प्रशासनाने सक्ती टाळली. जोरदार हादरे बसत असताना दहा किलोचे मूल हातांनी धरून ठेवणे कोणत्याही पालकाच्या शक्तीबाहेरचे असते. परवडत असल्यास स्वतंत्र आसन घ्यावे. त्यावर बांधण्यासाठी विमानात वापरास मान्यता असल्याची खूण असलेले मोटारीतील बालआसन सोबत न्यावे आणि ते चालेल का, हे कंपनीला आधीच विचारावे. असे आसन सहसा खिडकीशेजारी बसवतात, म्हणजे इतरांचा मार्ग अडत नाही.

एका बाबतीत भारतीय पालकांना नियमाचे पाठबळ आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये दिलेल्या निर्देशानुसार १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या पालकांपैकी किंवा पालनकर्त्यांपैकी किमान एकाच्या शेजारी आसन देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. बोर्डिंग पासवर आसने विखुरलेली दिसल्यास काउंटर सोडण्यापूर्वीच ती बदलून मागावीत.