केस पेपरवर नसलेलं औषध

22 फेब्रुवारी 2021 च्या संध्याकाळपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा लॉकडाउन लागला, तेव्हा उरलेला महाराष्ट्र पहिली लाट ओसरल्याच्या समाधानात होता. दुसरी लाट वऱ्हाडात आधी आली. औषधांच्या आंतरक्रियांचा अभ्यास करू पाहणाऱ्याने कोविडच्या याच काळापासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. पहिल्या लाटेत डॉक्टर हाती येईल ते देऊन पाहत होते. 2021 पर्यंत काय द्यायचं हे बरंच ठरलं होतं, तरीही भरती रुग्णाच्या ट्रीटमेंट शीटवर आठ-दहा औषधं सहज भरत. रेमडेसिविर, डेक्सामेथासोन, रक्त गोठू नये म्हणून एनोक्सापॅरिन, एखादं-दुसरं अँटिबायोटिक, पँटोप्राझोल, झिंक, इन्सुलिन. ही झाली दवाखान्याने लिहिलेली.

घरून येणारी यादी वेगळी. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात काय किंवा अमरावतीच्या इर्विनमध्ये काय, खेड्यातून आलेल्या साठीच्या माणसाकडून गोळीचं नाव क्वचितच कळतं. "थे लाल गोयी सकायी घेतो जी, अन् पांढरी झोपाच्या येळेस." एरवी हे कोडं सोबतचा मुलगा किंवा सून सोडवते, पिशवीतल्या स्ट्रिपा पुढे करून. कोविड वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नव्हता आणि मास्क लावलेल्या रुग्णाला धड बोलता येत नव्हतं. ती पांढरी गोळी क्लोपिडोग्रेल असेल, तर एनोक्सापॅरिनच्या जोडीला रक्तस्रावाचा धोका वाढतो. फिट्सवरची फेनिटॉइन असेल, तर ती यकृतातली औषधं मोडणारी विकरं वाढवते आणि डेक्सामेथासोन लवकर संपतं. टीबीवरची रिफाम्पिसिनही तेच करते, आणि ती थांबवल्यावरही हा परिणाम दोनेक आठवडे टिकतो. तक्ते नंतर पाठ होतील. आधी नीट विचारपूस करायला शिकायचं: गेल्या दोन महिन्यांत काय काय घेतलं?

दोन महिने जास्त वाटतील. पण हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आठवा. कोविड रुग्णांची सेवा करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी प्रतिबंधासाठी ते घ्यावं, असं आयसीएमआरने मार्च 2020 मध्ये सुचवलं होतं: पहिल्या दिवशी 400 मिलिग्रॅम दोनदा, मग आठवड्यातून एकदा. या औषधाची शरीरातली मात्रा निम्म्यावर यायलाच साधारण 40 दिवस लागतात. अशा गोळ्या घेतलेली एखादी नर्स पुढे स्वतःच भरती झाली, तर शीटवर नाव नसतानाही औषध तिच्या अंगात होतंच. त्यावर अ‍ॅझिथ्रोमायसिन सुरू झालं, उलट्यांसाठी ऑन्डॅनसेट्रॉन दिलं, की ईसीजीवरचं क्यूटी अंतर लांबवणारी तीन औषधं एकत्र आली. ठोका पडल्यावर पुढच्या ठोक्यासाठी सज्ज व्हायला हृदयाला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात जीवघेणी लय सुरू होऊ शकते. शिवाय क्लोरोक्विन गटातल्या औषधांमुळे रेमडेसिविरचं काम मंदावू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने जून 2020 मध्ये दिला. त्याचा आधार प्रयोगशाळेतला होता, पण दोन्ही एकत्र न देण्याला तो पुरेसा होता.

सगळ्या आंतरक्रिया इतक्या गहन नसतात. डॉक्सीसायक्लिन आणि झिंक एकाच पुडीतून एकाच घोटासोबत गिळली, तर पोटातच एकमेकांना धरून बसतात आणि डॉक्सीसायक्लिन पुरेसं रक्तात उतरत नाही. दोन-तीन तासांचं अंतर ठेवलं की प्रश्न मिटला.

लिव्हरपूल विद्यापीठाच्या ज्या गटाने एचआयव्हीच्या औषधांचे तक्ते केले होते, त्यानेच 2020 मध्ये कोविडचेही केले; लाल, नारिंगी, पिवळ्या, हिरव्या खुणांचे. ते जरूर वापरा, पण लाल खुणेला घाबरून हवं ते औषधच बंद करू नका, आणि हिरवी दिसली म्हणून निर्धास्तही राहू नका. तक्त्यात दोन औषधं असतात, खाटेवर आजारही असतो. कोविडमध्ये दाह भडकतो, इंटरल्युकिन-6 वाढतं आणि यकृतातली काही विकरं मंदावतात. त्यामुळे नेहमीच्याच डोसात काही औषधं रक्तात साचतात. मग टोसिलिझुमॅबने तो दाह उतरवला की विकरं पुन्हा कामाला लागतात आणि तोच डोस अपुरा पडू शकतो.

दोन-दोन औषधांचा तक्ता पुरत नाही, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण 2021 च्या उन्हाळ्यातलं, म्युकरमायकोसिसचं. स्टेरॉइडने साखर चढलेली, आणि बुरशीवर अ‍ॅम्फोटेरिसिन. ते मूत्रपिंडाला त्रास देतं आणि लघवीवाटे पोटॅशियम, मॅग्नेशियम घालवतं. लायपोसोमल प्रकार त्यातल्या त्यात सौम्य, पण तोच मिळत नव्हता. स्टेरॉइडनेही पोटॅशियम उतरतं, सूज उतरवायच्या फ्युरोसेमाइडने उतरतं, आणि साखरेसाठी दिलेलं इन्सुलिन रक्तातलं पोटॅशियम पेशींत ढकलतं. यातली एकेक जोडी तपासाल तर कोणतीच फार भयंकर वाटत नाही. चारही एकाच माणसाच्या वाट्याला आली, की रोजच्या पोटॅशियमच्या रिपोर्टला कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त किंमत येते. पुढे बुरशीसाठीच पोसाकोनाझोलच्या गोळ्या सुरू होतात. त्या क्यूटी लांबवतात, आणि कोलेस्टेरॉलची अटोर्व्हास्टॅटिन इतकी साचवतात की स्नायूंना इजा होऊ शकते. सुट्टी झाल्यावरही हिशेब चालूच राहतो: स्टेरॉइड थांबलं, पण इन्सुलिनचा डोस वॉर्डातलाच राहिला, तर साखर घरी एकदम खाली येते.

या क्षेत्रात नोंदी करणाऱ्या माणसांची मोठी गरज आहे. औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीचा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात 2010 पासून चालू आहे. गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन त्याचं काम पाहतं आणि त्याचा फॉर्म नर्स किंवा फार्मासिस्टही भरू शकतात. त्यात सोबत चालू असलेल्या औषधांचा रकाना आहे. मनाने घेतलेल्या गोळ्या आणि वनौषधीही तिथेच लिहायच्या असतात. कोविडच्या दिवसांत घरोघरी काढे उकळत होते. ज्येष्ठमध जास्त झालं की पोटॅशियम उतरतं, तेव्हा काढ्यात ते होतं का, किती आणि दिवसातून किती वेळा, हे सुनेला फोन करून विचारा आणि त्या रकान्यात लिहा.