अँथुरियमच्या कुंडीमागचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी मला विचारलं, "सर, इतिहासात कुंडी कुठून आली?" प्रश्न रास्त आहे. उत्तराची सुरुवात माझ्याच एका फजितीपासून करतो.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे अँथुरियम आणलं. लाल, चकचकीत, मेणाचं असावं तसं फूल. मी हौसेनं मोठ्या कुंडीत काळी माती आणि शेणखत भरलं, त्यात ते लावलं आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. दोन महिन्यांत पानं पिवळी पडली. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. म्हणून आणखी घातलं. शेवटी कुंडी उलटी केली, तर मुळं तपकिरी, लिबलिबीत, आणि कुजका वास. माझ्या काळजीनंच ते झाड मेलं होतं. हे झाड मुळात कुठलं, हे मी विचारलंच नव्हतं. आज ते विचारू.

अँथुरियम परदेशी असलं तरी त्याचं कूळ आपल्या ओळखीचं आहे. अळू, सुरण, पावसाच्या तोंडावर कोकणात बाजारात येणारी शेवळं, ही सगळी एकाच सुरण कुलातली. शेवळं निवडताना बघा: बाहेर एक आवरण, आत एक दांडा. वनस्पतिशास्त्रात आवरणाला महाछद म्हणतात आणि दांड्याला स्थूलकणिश. अँथुरियमचंही तेच. आपण ज्याला लाल फूल म्हणतो तो महाछद, म्हणजे एक बदललेलं पान. खरी फुलं त्या दांड्यावर दाटीनं बसलेली असतात, बारीक, सहज नजरेत न भरणारी. म्हणून ते 'फूल' आठवडेच्या आठवडे टिकतं, आणि जुनं झालं की हिरवट होतं. तो रोग नव्हे. अळूची खाजही यानं घेतली आहे. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक पानांत असतात. तेव्हा लहान मुलं आणि मांजरं यांच्यापासून कुंडी लांब ठेवा.

या प्रजातीला नाव दिलं हाइनरिख शॉट यांनी, १८२९ मध्ये. शॉट व्हिएन्नाच्या शॉनब्रुन इथल्या राजबागेतले. तरुणपणी ब्राझीलमध्ये काही वर्षं राहून आलेले. ग्रीक भाषेतले फूल आणि शेपूट हे दोन शब्द जोडून त्यांनी हे नाव केलं. पण आपल्या घरात जे असतं त्याचा मूळपुरुष युरोपात पोचला तो १८७६ च्या सुमारास. एदुआर आंद्रे हे फ्रेंच उद्यानतज्ज्ञ. लिव्हरपूलच्या सेफ्टन पार्कच्या आखणीत त्यांचा हात होता. दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात कोलंबियातल्या अँडीजच्या पश्चिम उतारावर त्यांना हे झाड दिसलं. ते बेल्जियममधल्या लिंडेन यांच्या रोपवाटिकेत गेलं आणि १८७७ मध्ये आंद्रे यांच्या नावानं 'अँथुरियम अँड्रेयानम' म्हणून प्रसिद्ध झालं.

आता तो अँडीजचा उतार डोळ्यांपुढे आणा. पाऊस भरपूर, पण पाणी थांबत नाही. झाडाची मुळं शेवाळात, पाचोळ्यात, दुसऱ्या झाडांच्या बुंध्यांवर पसरलेली. बांडगुळासारखं ते रस शोषत नाही, फक्त आधार घेतं. मुळांना जेवढी ओल तेवढीच हवा. आणि ऊन वरच्या फांद्यांतून गाळून आलेलं. बास! निगा कशी राखायची ते सगळं यात आलं. मी काळ्या मातीत पुरलं, तेव्हा त्या मुळांचा श्वासच कोंडला.

युरोपात हे झाड श्रीमंतांच्या तापवलेल्या काचगृहांत राहिलं. सामान्य माणसांच्या परसात ते आलं हवाईमध्ये. सॅम्युएल डेमन हे हवाईच्या राज्याचे अर्थमंत्री राहिलेले गृहस्थ. त्यांनी १८८९ मध्ये लंडनहून रोपं आणून आपल्या बागेत लावली. तिथून कुणी फुटवे नेले, कुणी बी. पुढे हिलो परिसरात तो घरगुती धंदा झाला. त्यात जपानहून आलेल्या मजुरांच्या पुढच्या पिढ्यांतली कुटुंबं बरीच होती. झाडनेच्यांच्या सावलीत, ज्वालामुखीच्या काळ्या खडीत ते रोपं लावत. माती जवळजवळ नाहीच! अँडीजच्या उतारावर जे होतं तेच त्यांनी वेगळ्या साहित्यातून उभं केलं. १९५० पासून हवाई विद्यापीठात हारुयुकी कामेमोतो यांनी नव्या वाणांचं काम सुरू केलं. १९८० पर्यंत वर्षाला तीन कोटींच्या आसपास फुलं बाजारात जाऊ लागली.

आणि इथेच घात झाला. झँथोमोनस नावाच्या जिवाणूचा करपा १९७१ मध्ये हवाईत आढळला होता. १९८० च्या दशकात तो साथीसारखा पसरला. पहाटे अळूच्या पानाच्या कडेला पाण्याचे थेंब दिसतात ना, तसे अँथुरियमलाही येतात. थेंब सोडणाऱ्या त्याच बारीक भोकांतून हा जिवाणू आत शिरतो. वरून फवारलेलं पाणी त्याला पानापानावर नेतं, आणि फुलं कापणारी सुरी झाडाझाडावर. आता विचार करा. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला फुटवा द्यायचा, त्या देवघेवीवर धंदा वाढला होता. त्याच वाटेनं रोगही घरोघर गेला. १९९० पर्यंत उत्पादन जवळपास निम्म्यावर आलं. कितीतरी छोट्या शेतकऱ्यांनी हे पीक सोडलं.

जे टिकले त्यांनी सवयी बदलल्या. सुरी दर झाडानंतर निर्जंतुक करायची, पाणी बुडाशी द्यायचं, रोगट रोप तिथल्या तिथे काढायचं. दुसरीकडे नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात टिश्यू कल्चरचं तंत्र या झाडासाठी बसवलं गेलं, आणि निरोगी, एकसारखी रोपं मोठ्या संख्येनं मिळू लागली. आपल्याकडे मिझोराममध्ये २००२ च्या सुमारास सरकारी मदतीनं ही शेती सुरू झाली. तिथे फुलं पिकवणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं आहेत. त्यांच्यासाठी ती सुरी पुसणं म्हणजे घरखर्चाचा प्रश्न आहे.

शेवटी तुमच्या प्रश्नांकडे येतो. पानं पिवळी, देठ मऊ आणि कुंडी ओलीच असेल, तर मुळं कुजताहेत. झाड बाहेर काढा, कुजकं कापा, नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, विटांचे खडे अशा भुसभुशीत मिश्रणात लावा. वरचा थर सुकल्याशिवाय पाणी नको. पानं गर्द हिरवी पण फूल नाही? उजेड कमी पडतोय. पूर्वेच्या खिडकीशी न्या. पानांवर भाजल्यासारखे डाग? थेट ऊन लागतंय. टोकं तपकिरी? हवा कोरडी आहे, किंवा बोअरच्या पाण्यातले नाहीतर खतातले क्षार साचलेत. पावसाचं पाणी साठवून घाला. मात्र कडेला पाणथळ डाग आणि भोवती पिवळी किनार दिसली, तर जीव गुंतवू नका. ते झाड पिशवीत बांधून टाकून द्या, कात्री स्पिरिटनं पुसा, आणि त्याचा फुटवा कुणाला देऊ नका.

माझ्याकडे आता दुसरं अँथुरियम आहे, सोडणात लावलेलं. दोन वर्षं झाली. परवा शेजारच्या वहिनींनी फुटवा मागितला. मी आधी पानांच्या कडा नीट तपासल्या, कात्री पुसली, आणि मग दिला.